लंकेहून आलेलं सामान

लोखंडी ट्रंक, काळी, एक

ट्रंकेबरोबर एक यादी आली होती. टाइपरायटरवर केलेली, कार्बनची शेवटची प्रत असावी इतकी पुसट, खाली तीन सह्या. जवान गेला की त्याच्या खासगी चीजवस्तू मोजायला पलटणीतल्या अधिकाऱ्यांची समिती बसते. १९५०च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. माझ्या मामाच्या वस्तू अशाच कुणीतरी मोजल्या होत्या. स्वेटर, हातविणीचा, एक. घड्याळ, एचएमटी, एक. दाढीचं सामान, एक संच. तसबीर, गणपती, एक. पत्रं, एक गठ्ठा.

१९८७च्या थंडीत ती ट्रंक कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या आजोळी आली. अस्थी आणि ट्रंक, दोन्ही एक हवालदार घेऊन आले. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. साताऱ्याकडे अशा ट्रंका घरोघर असत. माणूस पेन्शनीत आला की ट्रंकही घरी येई, आणि पुढे तिच्यात गोधड्या, लग्नातली भांडी, जमिनीचे कागद जात. आता घरं नवी होताहेत आणि ट्रंका भंगारवाल्याच्या गाड्यावर चढताहेत. आमचीही जायची आहे. मावशी म्हणाली, जायच्या आधी तिच्यात काय काय होतं ते लिहून ठेव. समितीनं मोजलं नाही तेसुद्धा लिही.

पत्रं, एक गठ्ठा

त्यातली बरीचशी मामासाठी नव्हतीच. मामाचा एक जिवाभावाचा मित्र होता, शेजारच्या गावचा. दोघं एकाच भरतीत उभे राहिले, बेळगावला मराठा सेंटरमध्ये एकाच बराकीत घडले, एकाच पलटणीत गेले. मावशीचं आणि त्या मित्राचं मन जुळलं ते भरतीच्याही आधी, रहिमतपूरच्या बाजाराच्या वाटेवर. आज ते माझे काका आहेत. त्या वेळी ते कुणीच नव्हते. आजोळच्या गल्लीतल्या प्रत्येक थोरल्या मुलाला मावशी दादा म्हणायची, यांना काहीच म्हणायची नाही. आजीला त्यावरूनच कळलं होतं, असं आई सांगते.

मावशी भावाला पत्र लिहायची ते लिफाफ्यातून. आत दोन कागद. एक मामाचा, एक घडी घातलेला. मामा तो उलगडत नसे, मित्राच्या हातात देत असे. वाचून झालं की काका तो कागद मामाच्याच ट्रंकेत ठेवायचे. स्वतःच्या सामानात एका परक्या मुलीची पत्रं सापडली तर बोभाटा; भावाच्या ट्रंकेत बहिणीचं अक्षर सापडलं तर कुणाची भुवई उचलणार? सात-आठ वर्षं ही सोय अशी चालली.

मग ट्रंक घरी आली. अंगणात गाव जमलेलं, आजी कलश उराशी धरून बसलेली, आणि आजोबा किल्लीची वाट बघत होते. त्या घटकेला मावशीला आठवलं की आत आपलीच पत्रं आहेत. तिनं ट्रंकेवर अंग टाकलं. बायकांना वाटलं, भावासाठी आकांत करते आहे. तो आकांत खराच होता. आणि त्याच आकांताच्या आड, झाकण उघडताच, तिनं गठ्ठा पदराखाली घेतला.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती साठीच्या पुढे होती. म्हणाली, "रडू खरं होतं रे. पन हात चोरीच करत होता."

५६ एपीओ

मराठीत आयुष्यभर पत्ते लिहिणाऱ्या मुलीला हा पत्ता विचित्र वाटे. नंबर, नाव, पलटण, मार्फत ५६ एपीओ. गाव नाही, जिल्हा नाही. माणूस राजौरीत आहे की समुद्रापलीकडे, ते पत्त्यावरून कळू नये हीच त्यातली योजना. पलटण फिल्डवर गेली की जवानांना बिनतिकिटाची फोर्सेस लेटरं मिळत. घरी ते पत्र आलं की आजोबा आधी बघायचे ते हेच, तिकीट आहे की नाही. तिकीट नसलं की पोरगा फिल्डवर.

एपीओ आजही आहे. त्या पत्त्यावर हातानं लिहिलेले दोन कागद एका लिफाफ्यातून जात असतील का, शंका आहे.

तार

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि आपली फौज शांतिसेना म्हणून श्रीलंकेत उतरली. ऑक्टोबरात तीच फौज जाफना घेण्यासाठी लढत होती. आमच्याकडे बातम्या येत त्या रेडिओवर, त्याही तुटक. दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरातच होती. आम्ही मिरजेहून आजोळी गेलो होतो. करंज्यांचं सारण झालं होतं. पोस्टमन सायकलवरून उतरला, पण नेहमीसारखी घंटी वाजवली नाही. तार इंग्रजीत, म्हणून ती वाचायला शाळेतले गुरुजी बोलावले. त्यांनी ती मनात वाचली, चष्मा काढला आणि आजोबांना बाजूला घेतलं.

खेड्यात तार आली म्हणजे वाईटच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. आजी तेव्हा नव्हती. असती तर तिला हायसं वाटलं असतं.

काकांनी मावशीला त्या दिवसांत काहीच कळवलं नाही. लिफाफा कुणाच्या नावानं पाठवणार? ज्याच्या नावाआड सगळं चाललं होतं तोच उरला नव्हता. सहा-सात आठवडे तिला हेही माहीत नव्हतं की दुसरा जिवंत आहे की नाही. आणि ते विचारायची सोय नव्हती. भावाचं सुतक धरलेल्या घरात बहीण दुसऱ्याच कुणाची खुशाली विचारते, हे कसं दिसलं असतं?

ट्रंक आणणाऱ्या हवालदारांना पाणी देताना तिनं विचारलं, "पलटनीतली बाकीची?" हवालदार दोन-चार नावं बोलले, कोण दवाखान्यात, कोण बरं. त्यात ते नाव आलं. ती आत जाऊन चुलीपुढे बसली. आनंद झाला, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की दोन दिवस जेवण गेलं नाही.

घड्याळ, एचएमटी, एक

मॉडेलचं नावच 'जवान'. रोज चावी द्यायचं. ट्रंकेतून निघालं तेव्हा बंद होतं, आणि गावातल्या लोकांनी त्याचा लगेच अर्थ लावला की ज्या क्षणी तो गेला त्याच क्षणी थांबलं. तसं काही नव्हतं. कुणी चावी दिली नव्हती. माझ्या वडिलांनी चावी दिली आणि ते चालू लागलं. आजीला ते सोसेना. "बंद करा ते," एवढंच म्हणाली.

मावशीनं ते कापडात गुंडाळून धान्याच्या कणगीत ठेवलं. अधूनमधून रात्री काढून चावी द्यायची. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी गुंडाळायचं ठरवलं. ही घड्याळं उघडून नीट करणारे, डोळ्याला भिंग लावून पेठेत बसणारे कारागीरही आता मोजकेच. हे घड्याळ काकांच्या मनगटावर आहे.

दर्भाचा कावळा

अस्थी आल्या तेव्हा दहावा झाला. १९९९च्या कारगिलपर्यंत रणात पडलेल्या बहुतेकांना तिथेच अग्नी दिला जाई. तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगाव येऊ लागल्या त्या कारगिलपासून. त्यामुळे आमच्या घरात कुणी मामाचं तोंड पाहिलं नाही.

कृष्णाकाठी पिंड ठेवले. कावळे आले, फांदीवर बसले, खाली उतरेनात. मग चालीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. आजोबा म्हणाले, कर्ज फेडतो. चुलतमामा म्हणाले, तुझ्या आईबापाला बघतो. थोरल्या कुणी म्हटलं, बहिणीचं लगीन थाटात लावून देतो, काळजी करू नको. कावळा हलला नाही. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

बायका घाटावर जात नाहीत. मावशीला हे घरी कळलं. तिच्या मनात एकच बसलं: बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला तरी दादा तृप्त झाला नाही. का नाही, ते फक्त तिला कळत होतं. लगीन कुणाशी, हे कुणी बोललंच नव्हतं.

१९८८च्या उन्हाळ्यात काका रजेवर आले. दुःखाच्या घरी भेटायला आले. चालीप्रमाणे 'येतो' न म्हणता उठायचं ते उठले. त्याआधी मावशीनं पाण्याचा तांब्या देताना हळूच सांगितलं होतं, "कावळा शिवला न्हाई." दुसऱ्या दिवशी काका एकटे संगम माहुलीला गेले, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. भाताचा गोळा ठेवला, काय बोलायचं ते बोलले. संध्याकाळी परत आमच्या दारावरून गेले, आणि आजोबांशी बोलता बोलता, आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आज संगमावर जाऊन आलो. शिवला."

खरंच शिवला होता का, हे मावशीनं त्यांना कधीही विचारलेलं नाही.

फोटो, दोघांचा

बेळगावच्या स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, पुढे दोन रंगरूट, छाती पुढे, हात शिवणीला. एक प्रत मामानं घरी पाठवली होती. भावाचा फोटो म्हणून मावशीनं तो उघडपणे भिंतीवर लावला. काकांचं तोंड आमच्या घरात राजरोस दिसायचं ते एवढंच.

मामा गेल्यावर हार घालायला एकट्याचा मोठा फोटो हवा होता. त्याचा एकट्याचा चांगला फोटो नव्हताच. आजोबा तोच घेऊन साताऱ्याला गेले. तेव्हा स्टुडिओत ब्रश घेऊन निगेटिव्हवर काम करणारी माणसं असत. नको ते पुसायची, डोळ्यांत उजेड भरायची. त्यानं काकांना काढलं, पडदा पुढे ओढून रंगवला. पण दोघं इतके खेटून उभे होते की मामाच्या उजव्या बाजूला दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्याची कड राहून गेली. काढली असती तर मामाचाच दंड कापला असता.

तो फोटो आजही भिंतीवर आहे. हार, चंदन, कुंकवाचं बोट. घरात आलेल्या पाहुण्यांना ती कड दिसत नाही, मुद्दाम दाखवावी लागते. मावशीला दाखवावी लागली नाही. तीन वर्षं ती रोज सकाळी त्या फोटोपुढे उभी राहिली, आणि शेजारपाजारच्या बाया हळहळल्या, बहिणीची माया बघा. मी एकदा धीर करून विचारलं, तू कुणाकडे बघायचीस? तिनं मला वेड्यात काढलं. "दोघं एकाच फोटूत व्हते," म्हणाली.

रविवार सकाळ, साडेनऊ

त्या वर्षी दूरदर्शनवर रामायण चालू होतं, १९८७च्या जानेवारीपासून. गावात टीव्ही दोनच. रविवारी सगळी आळी एका ओसरीवर. पुढे गोष्ट लंकेत पोचली, आणि आजीनं त्या ओसरीवर जाणं सोडलं. कुणी काही म्हणायचं नाही. पडद्यावर लंका जळाली त्या रविवारी आजी आणि मावशी विहिरीवर गोधड्या धूत होत्या. गावात दुसरं कुणी बाहेर नव्हतं.

मनिऑर्डर, कूपनसह

हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून यावर थोडं रेंगाळतो.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असे. पैसे देताना पोस्टमन ती फाडून घेणाऱ्याला देई. त्यावर चार-पाच ओळी लिहिता येत. देशभरचे गिरणी कामगार, हमाल, जवान यांनी त्या पट्टीवर संसार केले. १८८० साली भारतात सुरू झालेली ही कागदी मनिऑर्डर २०१५ पर्यंत त्या जुन्या रूपात संपली. पैसे पाठवायच्या वाटा आज कितीतरी आहेत आणि कितीतरी वेगवान आहेत. मोठ्यानं वाचून दाखवायची पट्टी कशालाच नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या रजेत काकांनी आजीला सांगितलं, तुमच्या मुलाचे सहाशे रुपये माझ्याकडे उसने आहेत, दरमहा पन्नास धाडीन. मामानं कुणाला सहाशे रुपये उसने द्यावेत अशी त्याची मिळकत नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मेलेल्या मुलाचं येणं नाकारणार कोण?

पुढच्या महिन्यापासून मनिऑर्डर आजीच्या नावानं यायला लागली. आजीला वाचता येत नसे. पट्टी वाचायची ती मावशीनं, आजी, आजोबा, पोस्टमन आणि ओट्यावर बसलेलं कुणीही ऐकत असताना. म्हणजे काका जे लिहीत ते मावशीच्याच तोंडून, मावशीच्याच आवाजात, सगळ्यांसमोर बाहेर पडायचं. त्यात एक शब्द आडवा चालला नसता. ओळी अशा असत: पाऊस आहे. तब्येत बरी आहे. इथं नारळाची झाडं फार. तुमच्या मुलानं लावलेला मोर्चा अजून तसाच आहे. काल त्याचं नाव निघालं. काळजी नसावी.

'काळजी नसावी' हे दर वेळी शेवटी. ते कुणाला आहे, हे वाचणारीला कळे. मावशी म्हणते, ते दोन शब्द वाचताना घसा बसू नये म्हणून ती आधी पाणी प्यायची.

बारा महिन्यांत सहाशे फिटले. तेरावी मनिऑर्डर आली. चौदावी आली. आजोबांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी ते बोलले नाहीत. आजीला अक्षरं येत नव्हती, पण डेअरीला किती दूध गेलं आणि किती पैसे यायचे ते तिचं कधी चुकलं नाही. तिनं पंधरावी मनिऑर्डर घेतली, अंगठा उठवला, पट्टी मावशीपुढे धरली आणि म्हणाली, "वाच."

वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी

घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं. नाही जमलं तर तीन वर्षं थांबायचं. आमच्याकडे ही चाल कडक होती. आता फारसं कुणी पाळत नाही. हॉल मिळाला, सुट्ट्या जुळल्या की लग्न होतं, आणि ते बरंच आहे; या चालीपायी कितीतरी मुलींना मिळेल त्या स्थळाच्या गळ्यात घाईनं बांधलं गेलं.

मावशीचंही तेच व्हायचं. मामाच्या मागे वर्षाच्या आत उजवून टाकू म्हणून आजोबांनी स्थळं बघायला सुरुवात केली. कराडचं एक आलं, वाठारचं एक आलं. मावशी प्रत्येक वेळी एकच सांगायची, दादाचं वर्षश्राद्ध होईतो माझ्या अंगाला हळद नको. कुणाला तिचा राग येईना. जातिवंत बहीण म्हणून तिचं नाव झालं. वर्षश्राद्ध झालं, आणि ते होताच आपोआप तीन वर्षांची अट लागू झाली. ऐंशीपासून नव्वदपर्यंत आमच्या भागात पोरीला मनासारखं थांबू देणारी दुसरी कुठलीच सबब नव्हती.

ती सोंग करत नव्हती, हे मला ठासून लिहायचं आहे. तिनं त्या काळात गोड खाल्लं नाही, रेडिओवर घातलेलं कापड वर्षभर काढलं नाही, जवानांसाठीच्या 'जयमाला' कार्यक्रमाची वेळ झाली की शेजारच्या रेडिओचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायची. भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. ते दुःख आणि ती वाट पाहणं एकाच दिवसात, एकाच ताटात बसत होतं. लोकांना दुःख दाखवता येतं, प्रेम दाखवता येत नाही. म्हणून तिचं प्रेम दुःखाच्या वळचणीला राहिलं. याचा तिला आजही सल आहे. "सुतकाचे दिस मी रजेसारके मोजले," असं ती मला म्हणाली होती. मी तिला समजावायला गेलो नाही. तिला समजूत नकोच होती.

मिरज, तीन गेज

शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून अधिक जवान तिकडेच गेले होते. परतणाऱ्या जहाजांचं स्वागत करायला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी मद्रासच्या बंदरावर गेले नाहीत. तिथल्या तमिळ माणसाच्या मनात या फौजेबद्दल काय होतं ते त्यावरून उघड झालं. कुठल्याही जिंकलेल्या वा हरलेल्या लढाईवरून आल्यासारखे ते आले नाहीत. नुसते आले.

काका मद्रासवरून गाड्या बदलत मिरजेला उतरले. तेव्हा मिरज स्टेशनात तिन्ही रूळ होते. पुणे-कोल्हापूरकडचा रुंद, बेळगावकडचा मीटर गेज, पंढरपूर-लातूरकडचा अरुंद बार्शी लाइट. आता सगळे रुंद झाले आहेत. बेळगावहून साताऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक मराठा जवानाला मिरजेत उतरून गाडी बदलावी लागे, मध्ये दोन-चार तास जात, आणि आमचं घर स्टेशनाजवळ असल्यानं मामाच्या प्रत्येक रजेला माझी आई डबा घेऊन फलाटावर जायची. मामा आणि काका, दोघांचा डबा.

त्या दिवशी मावशी आमच्याकडे होती. आईला ताप होता, किंवा आईनं ताप आणला. तिनं मला आणि मावशीला पाठवलं. काका होल्डॉलवर बसले होते. आता होल्डॉलही कुठे दिसत नाहीत. कॅनव्हासचा तो भला मोठा गुंडा, चामड्याचे पट्टे, आत गादी, उशी, बूट. ते उठून उभे राहिले. काळे पडले होते, कानशिलं पांढरी झाली होती. वय बत्तीस.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मावशीनं विचारलं, "येकटा होता का त्यो?"

"न्हाई. मी होतो."

एवढंच. पुढे तिनं विचारलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आजतागायत सांगितलं नाही.

तिनं डबा सोडला. भाकऱ्या, झुणका, मिरचीचा ठेचा, आणि वरच्या पुडात गूळ-तूप. भाकऱ्या मोजून दोघांच्या होत्या. घरी करताना आईच्या हातानं सवयीनं तेवढ्याच थापल्या होत्या. काकांनी निम्म्या खाल्ल्या आणि हात थांबवला. उरलेल्या निम्म्या कागदावर तशाच. कुठून तरी मीटर गेजचं इंजिन वाफ सोडत होतं. काका म्हणाले, "तू जेव."

भर फलाटावर, परक्या पुरुषासमोर, साताऱ्याची बिनलग्नाची मुलगी जेवायला बसली. गूळ-तूपसुद्धा खाल्लं. अडीच वर्षांनी तोंडात गेलेला तो पहिला गोड घास. मी दोघांच्या मधे बसलो होतो आणि मला आपलं वाटत होतं की मला कुणी विचारतच नाही, तू जेवलास का म्हणून.

दगड

सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला, ज्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे. लंकेत गेलेल्यांचा दगड आमच्या गावात नाही. एक आहे तो कोलंबोजवळ, श्रीलंकेनंच उभारलेला, काळ्या पाषाणावर नावं. गावातला एक पोरगा नोकरीनिमित्त तिकडे गेला होता, त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. मामाचं नाव इंग्रजीत. काकांनी बोटांनी ते मोठं केलं, पुन्हा लहान केलं. त्यांच्या शेजारी मावशी. "हात बाजूला घ्या," म्हणाली, "दिसू द्या मला."

आजीचा नकार

ऑक्टोबर नव्वदमध्ये तीन वर्षं भरली. काकांकडून मागणी आली. आजोबा राजी, देवक वेगळं, कुळी बरोबरीची. आजी नाही म्हणाली. मुलगा तिला आवडत होता. पण तो वर्दीत होता. "पुन्यांदा तार नगं मला."

शिपायाला पेन्शन लागायला किमान १५ वर्षं नोकरी व्हावी लागते. काकांची अकरा झाली होती. सोडून येतो म्हणाले असते तर हातात काहीच पडलं नसतं. ते आजीसमोर बसून राहिले. आजीनं फडताळातून पट्ट्यांचा जुडगा काढला, सगळ्या मनिऑर्डरींच्या, सुतळीनं बांधलेल्या. पुढ्यात ठेवला.

"सहाशे कवाच फिटलं," आजी म्हणाली. "अजून फेडायचं ऱ्हायलंय का काय?"

"ऱ्हायलंय," काका म्हणाले.

आजीनं जुडगा उचलून परत फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी आजोबा भटजींकडे गेले. पुढची पाच-सहा वर्षं काकांची नोकरी पंजाबात आणि काश्मिरात झाली, आणि मावशी रात्री दर उतरले की एसटीडी बूथच्या बाकावर कंदील घेऊन नंबर लागायची वाट बघत बसे. ते बूथही गेले. तार मात्र पुन्हा आली नाही.

कानपिळी

१९९१च्या फेब्रुवारीत दारातच मांडव पडला. लाऊडस्पीकर लावला नाही. भिंतीवरच्या फोटोला नवा हार घातला, आणि मावशीनं अक्षता आधी तिथे वाहिल्या.

नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. बहिणीला नीट नांदव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असं बजावण्याचा तो मान. हल्ली फोटोग्राफर सांगतो तेव्हा पिळतात, सांगतो तेव्हा हसतात. त्या दिवशी भटजींनी विचारलं, कानपिळ्या कोण? मांडव गप्प झाला. चुलतमामा पुढे यायला लागले. आजीनं त्यांना हातानं थांबवलं आणि मला ढकललं. मामाच्या रक्ताचा त्या घरात दुसरा मुलगा नव्हता. बारा वर्षांचा भाचा.

डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल. मी काकांचा कान धरला आणि जरासा मुरडला. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मांडवात हशा पिकला, लोकांना वाटलं पोरानं जोर केला. मी घाबरून हात काढून घेतला.

काकांनी माझं मनगट धरलं आणि हात परत कानावर नेला.

"जोरात पीळ," म्हणाले. "तुझ्या मामानं असं सोडलं नसतं."